आधी शेगडी बघा, मग पातेलं

“ताई, आम्ही दोघं जर्सी सिटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. ऑफिसातल्या एका मित्राकडे घरी केलेली बीअर प्यायलो आणि तेव्हापासून आपणही करून बघावी असं डोक्यात बसलंय. बाकीचं सामान तो देतोय, पातेलं तेवढं मला घ्यायचंय. साठ डॉलरच्या वर जायचं नाही असं घरी ठरलंय. मित्र म्हणतो, एकदाच पंधरा गॅलनचं घे, पुन्हा बघायला नको. दुकानात जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं स्वस्त दिसतं, पण सांगलीहून आई फोनवर सांगते, जर्मनमध्ये काही उकळू नकोस, त्यापेक्षा आपलं जुनं पितळी पातेलं कल्हई करून पाठवते. बायकोचं म्हणणं, एवढं मोठं भांडं आणतोच आहेस तर गणपतीतल्या मसालेभातालाही चालेल असं आण. टर्की तळायच्या पातेल्याचा शेगडीसकट संचही स्वस्तात दिसला. आमची शेगडी काचेची, विजेची आहे. नेमकं काय घेऊ?”

नमस्कार,

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी लिहिलंय. शेगडी काचेची आणि विजेची आहे. किती गॅलनचं, कुठल्या धातूचं, केवढ्याचं, हे सगळं तिथून ठरतं. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

माझं माहेर कोल्हापूरकडचं. लहानपणी हंगामात गुऱ्हाळावर आम्ही तासन् तास बसून असायचो. तिथे काहील आणि चुलाण एकमेकांच्या मापाची असायची. चुलाणाची आच पुरेना झाली की काहिलीत नुसता कोमट रस, मग गुळव्या कितीही हुशार असो. काहील पसरट आणि उथळ, कारण रस आटवायचा असतो. बीअरचं पातेलं जरा उभट, कारण इथे थोडंच आटवायचं आणि तासभर खळखळून उकळायचं असतं. पण आचेचं गणित दोन्हीकडे एकच. (आणि वासही बराचसा एकच. इथे मिलवॉकीजवळ आमच्या घरात पहिल्यांदा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, उकळलं त्या दिवशी मला गुऱ्हाळाचीच आठवण झाली होती.)

आता तुमच्या शेगडीचं गणित करू. अमेरिकेत घरी बीअर करणाऱ्यांचा नेहमीचा घाणा ५ गॅलनचा असतो, म्हणजे जवळजवळ १९ लिटर. उकळताना तासाला गॅलनभर पाणी उडून जातं आणि तळाशी गाळ राहतो, म्हणून सुरुवातीला साडेसहा गॅलन, साधारण २४-२५ लिटर घ्यावं लागतं. तुमच्या शेगडीचा सगळ्यात मोठा बर्नर बहुतेक २५०० ते ३००० वॉटचा असेल. २५०० वॉटची सगळी उष्णता पाण्यातच गेली असं धरलं, तरी एवढं नळाचं पाणी उकळायला पाऊण तासाच्या वर, जवळजवळ तास लागतो. प्रत्यक्षात बरीच उष्णता भांड्याच्या अंगातून आणि वरून निसटते, म्हणून दीड तास धरा. पुढे आणखी अडचण आहे. तासाला गॅलनभर पाण्याची वाफ करायची तर त्यालाच २४०० वॉटच्या आसपास लागतात. म्हणजे शेगडी पूर्ण ताकदीवर ठेवूनही वरती नुसते बुडबुडे येत राहणार, खळखळून उकळी येणार नाही.

आणि ती उकळी नुसती दिखाव्याची नसते. माल्टच्या गोड पाण्यात, ज्याला वर्ट म्हणतात, गंधकाचं एक संयुग तयार होत राहतं. ते वाफेबरोबर निघून गेलं नाही तर बीअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. प्रथिनं गोठून खाली बसायला आणि हॉप्सचा (बीअरमध्ये घालायची एका वेलीची फुलं) कडवटपणा उतरायलाही जोराची उकळी लागते. याच कारणासाठी उकळताना झाकण पूर्ण लावायचं नाही. झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत आत पडते आणि घालवायचं तेच परत येतं.

तेव्हा मित्राच्या पंधरा गॅलनच्या पातेल्याला तुमच्या घरात जागा नाही. त्याच्याकडे अंगण आणि गॅसची मोठी शेगडी असेल, तर त्याच्यापुरतं त्याचं म्हणणं बरोबर आहे.

मी हीच चूक केलेली आहे, म्हणून जरा जोर देऊन सांगते. भाड्याच्या घरात असताना मी दहा गॅलनचं पातेलं आणलं. दोन बर्नरवर मिळून ठेवून उकळी आणता आणता संध्याकाळ झाली. शेवटी मी आणि नवरा ते उचलून थंड करायला बाथटबकडे न्यायला निघालो. एका बाजूचा कान माझ्या हातातून निसटला आणि गरम वर्ट त्याच्या पायावर सांडलं. घोट्याच्या वरचा तो डाग अजून आहे. साडेसहा गॅलन पाण्याचंच वजन ५४ पौंड होतं, पातेलं धरून साठच्या वर, म्हणजे २७ किलोहून जास्त. साखर असलेलं गरम पाणी अंगाला चिकटतं आणि साध्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं. भांडं विकत घेताना ते रिकामं असतं, म्हणून हा विचार कोणी करत नाही. दुकानात उभं राहून स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे भरलेलं, गरम असताना, एकट्याने सिंकपर्यंत नेता येईल का?

माझा सल्ला असा. २० क्वार्टचं, म्हणजे ५ गॅलनचं स्टेनलेस स्टीलचं, जाड सपाट बुडाचं पातेलं घ्या आणि अडीच गॅलनचा घाणा करा. चार क्वार्टचा एक गॅलन होतो. इथल्या दुकानात बहुतेक मापं क्वार्टमध्ये लिहितात आणि ती काठोकाठ भरलेल्या भांड्याची असतात, हे लक्षात ठेवा. अडीच गॅलनच्या साधारण २६ बाटल्या भरतात. शिकणाऱ्या माणसाला हे माप मला सगळ्यात योग्य वाटतं, कारण पाच गॅलन बिघडले तर ५३ बाटल्या ओतून द्यायला लागतात. शिवाय लहान घाण्यात तेवढ्याच बीअरसाठी दुप्पट वेळा हात बसतो.

या पातेल्यात सगळं कसं बसतं तेही सांगते. मोठ्या कापडी पिशवीत भरडलेलं माल्ट घालून भिजवण्याची पद्धत करायची असेल, तर साधारण ५ पौंड माल्ट आणि ४ गॅलन पाणी घ्या. माल्टने व्यापलेली जागा धरून हे साडेचार गॅलनच्या आत राहतं. तासभर ६७ अंश सेल्सिअसवर ठेवायचं, मग पिशवी उचलून निथळू द्यायची. हाती साडेतीन गॅलन वर्ट येतं आणि फेसाला वर दीड गॅलनची मोकळी जागा राहते. उकळून, गाळ वगळून अडीच गॅलन उरतं.

मित्राने पाच गॅलनचं माल्ट-अर्काचं किट दिलं, तरीही हेच पातेलं पुरतं. तीन-साडेतीन गॅलन पाण्यात अर्क उकळायचा आणि उरलेलं गार, उकळून निववलेलं पाणी नंतर फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, घालायचं. असं केल्याने रंग थोडा गडद होतो आणि हॉप्सचा कडवटपणा थोडा कमी उतरतो, कारण दाट पाकात तो नीट उतरत नाही. निम्मा अर्क शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घातला की दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतात. अर्क घालताना पातेलं आचेवरून बाजूला घ्या. मधासारखा दाट अर्क सरळ बुडाशी जाऊन बसतो आणि करपतो, आणि करपलेली चव शेवटच्या घोटापर्यंत राहते.

आता जर्मनचं. आईंचा अनुभव खोटा नाही, फक्त तो दुसऱ्या पदार्थांचा आहे. चिंचेचं सार, ताक, कोकम जर्मनच्या भांड्यात ठेवलं की चव बिघडते आणि भांडंही खरवडल्यासारखं होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ॲल्युमिनियमवर हवेनेच त्याच्या ऑक्साइडचा एक पातळ थर चढलेला असतो, तो आतल्या धातूला झाकून ठेवतो. खूप आंबट किंवा सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थात हा थर विरघळतो. वर्टचा सामू (pH) ५.२ ते ५.५ च्या आसपास असतो, चिंचेच्या किंवा लिंबाच्या मानाने पुष्कळच सौम्य. तेवढ्यात हा थर टिकतो. मोदकपात्रात पाणी उकळून उकळून आतून काळपट होतं ना, आणि ते होऊ नये म्हणून आपण त्यात लिंबाची फोड टाकतो? बीअरसाठी तोच काळपट थर राखायचा असतो. नवीन पातेल्यात काठापर्यंत पाणी घालून अर्धा-पाऊण तास उकळायचं, थर पक्का होतो. मग तारेच्या घासणीने तो उजळवत बसायचं नाही. धुण्याचा सोडा, ऑक्सिजनवाली पावडर, डिशवॉशर हेही त्याला चालत नाही. अल्झायमर आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांची जी भीती घराघरांत आहे, तो संबंध संशोधनात सिद्ध झालेला नाही, एवढं आईंना माझ्या वतीने सांगा. मी स्वतः चार वर्षं जर्मनच्या पातेल्यात बीअर केली आणि चवीत कधी धातू जाणवला नाही. फक्त आंबवणं त्यात करायचं नाही. तयार बीअर वर्टपेक्षा आंबट असते आणि तिचा मुक्काम दिवसांचा असतो, तासाचा नव्हे.

उष्णतेच्या बाबतीत तर जर्मन स्टीलच्या फार पुढे आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता स्टेनलेसच्या जवळजवळ पंधरापट सहज वाहते, म्हणून बूड एका जागी तापून करपत नाही. गॅसची शेगडी असती तर मी तुम्हाला डोळे झाकून हॉटेलवाल्यांच्या सामानाच्या दुकानातलं जाड जर्मनचं पातेलं घ्या म्हटलं असतं. साठ डॉलरमध्ये त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. मेक्सिकन वस्तीतल्या दुकानांत तमाले वाफवायची उंच पातेली मिळतात, आत जाळी, वर झाकण, थेट आपल्या मोदकपात्राचा मोठा भाऊ. तीही जर्मनचीच आणि स्वस्त असतात.

पण काचेच्या शेगडीवर ॲल्युमिनियमचे करडे ओरखडे उमटतात आणि ते सहज निघत नाहीत. पातळ पातेल्याचं बूड तापून फुगतं, मग मधल्या भागाखाली किंवा कडेला पोकळी राहते. विजेच्या काचेच्या शेगडीला बूड जिथे टेकतं तिथेच उष्णता देता येते. भाड्याचं घर आहे, शेगडी मालकाची आहे, आणि काच तडकली तर डिपॉझिट गेलं. एवढ्यासाठीच मी तुम्हाला स्टीलकडे वळवते आहे.

तामचिनीचं, म्हणजे वर निळा-काळा मुलामा दिलेलं पातेलं लोणची-मुरंब्यांच्या बाटल्या उकळायला इथे खूप विकतात आणि ते सगळ्यात स्वस्त असतं. ते घेऊ नका. एकदा टवका उडाला की आतलं लोखंड उघडं पडतं, गंज चढतो, आणि लोखंड उतरलेल्या बीअरला रक्तासारखी धातूची चव येते. काचेच्या शेगडीवर रिकामं तापलं तर मुलामा वितळून काचेला चिकटतो, तो वेगळाच ताप.

आता आईंचं पितळी पातेलं. मला माहीत आहे, हे भांड्यापुरतं नसतं. तांब्याचं बीअरशी जुनं नातं आहे. इंग्लंडमध्ये उकळायच्या भांड्याला अजूनही नुसतं ‘कॉपर’ म्हणतात, भांडं स्टीलचं असलं तरी. पण जुन्या पितळेत नेमकं काय मिसळलंय हे आपल्याला सांगता येत नाही, त्यात शिसंही असू शकतं. आत कल्हई असली तर ती शाबूत असेपर्यंतच आड असते. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं. पाणी असेपर्यंत ठीक, पण रिकामं भांडं काचेच्या शेगडीवर दोन-तीन मिनिटं विसरलं तर कल्हई गेलीच. जर्सी सिटीत कल्हईवाला कुठून आणणार? शिवाय जुन्या पितळी पातेल्याचं बूड बहुधा गोलसर आणि पोचे पडलेलं असतं, काचेवर टेकणारच नाही. आईंना सांगा, ते सांगलीतच राहू द्या, पुढच्या वेळी आलो की त्यात तुमच्या हातचं खाऊ.

टर्की तळायचा संच. त्यात सहसा ३० क्वार्टचं जर्मनचं उंच पातेलं आणि प्रोपेनची शेगडी असते. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो आणि तो उलटला की हे संच निम्म्या किमतीला मिळतात. अंगण असलेल्या माणसाने तो घ्यावाच. तुमच्यासाठी मात्र नाही. प्रोपेनची शेगडी घरात पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग, आणि माणसं झोपेतच जातात. बाल्कनीत पेटवायला बहुतेक अपार्टमेंटांत मनाई असते, आणि ती योग्यच आहे. या एका बाबतीत मला कुठलाही मधला मार्ग सुचवायचा नाही.

दुकानात गेल्यावर काय बघायचं? आपल्याकडे भांडी वजनावर घेतात, ती सवय इथेही कामाला येते. उचलून बघा. सारख्या मापाच्या दोन पातेल्यांतलं जड ते बहुतेक चांगलं. पण बारकाईने बघितलं तर कळतं की वजन कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. अंग पातळ असलं तरी चालतं, बूड जाड हवं. बुडाला खालून वेगळी जाड चकती बसवलेली असते, तिच्यात दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियम असतं. तीच घ्या. स्टीलमधून उष्णता पसरत नाही, ती उणीव ही चकती भरून काढते. पातेलं उलटं करून बुडावर सपाट पट्टी टेकवा, फट दिसली तर ठेवून द्या. मग घरी जाऊन तुमच्या मोठ्या बर्नरचा व्यास मोजा. पातेलं त्याच्याबाहेर इंचभरापेक्षा जास्त जायला नको. आणि शेगडीच्या वर जो मायक्रोवेव्ह किंवा धुराडं असतं त्याच्या खालची उंचीही मोजा, कारण पिशवी उचलायला वर जागा लागते. ही गोष्ट मला तिसऱ्या पातेल्यानंतर कळली.

कान दोन्ही बाजूंना, पूर्ण मूठ बसेल एवढे मोठे हवेत. रिबिटांनी ठोकलेले असले तरी घाबरू नका. काहीजण सांगतात की रिबिटाच्या फटीत घाण साचते, पण हे भांडं तासभर उकळणार आहे, त्यात बीअर बिघडवणारे जंतू जगत नाहीत. चुंबक घेऊन जा. बुडाला चिकटलं तर उद्या घर बदलून इंडक्शनची शेगडी आली तरी पातेलं चालेल. अंगाला चिकटलं नाही तर स्टील बहुधा निकेल असलेलं, गंजाला जास्त दाद न देणारं असतं. ‘१८/८’ किंवा ‘३०४’ लिहिलेलं मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर अडून बसू नका. तोटी, आतली मापाची रेघ, अंगात बसवलेला थर्मामीटर यांना पैसे देऊ नका. तोटी गळते, साफ करायला वेळ खाते आणि अडीच गॅलनला तिची गरज नाही. मापासाठी लाकडी उलथन्याच्या दांड्यावर क्वार्ट क्वार्ट पाणी ओतत चाकूने खुणा करा. फक्त उकळतं पाणी गार पाण्यापेक्षा जवळजवळ ४ टक्के जास्त भरतं, तेवढं मनात वजा करायचं.

गणपतीच्या मसालेभाताचं विचारलंत. वहिनींना सांगा, याचं उत्तर नाही असं आहे, आणि कारण बीअरच्या बाजूचंही आहे. तेला-तुपाचा अगदी पातळ थर भांड्यात राहिला तरी बीअरचा फेस बसतो. मसालेभाताचं तूप कितीही घासलं तरी काठाखालच्या सांध्यात राहतंच. उलट बाजूने, नैवेद्य ज्या भांड्यात शिजायचा त्यात दारू उकळलेली घरातल्या थोरांना रुचणार नाही, आणि त्यांच्या मनाला लागेल असं काही करण्याइतकं हे पातेलं महाग नाही. दोन्ही कामांना दोन भांडी असू द्या. प्रसादासाठी मोठं पातेलं मराठी मंडळात कोणाकडे तरी नक्की असतं, मागून घ्या.

कदाचित साठ डॉलरही लागणार नाहीत. घरात आठ-दहा लिटरची दोन पातेली आहेत का? वर्ट दोन भांड्यांत वाटून दोन बर्नरवर उकळता येतं, हॉप्सही निम्मे निम्मे. मी असे कितीतरी घाणे केलेत. मोठ्या कुकरचं भांडंही चालतं, पण झाकण कधीही, कितीही थोडा वेळ लावायचं नाही. वर्टचा फेस शिट्टीच्या भोकात अडकला तर कुकर फुटू शकतो.

जे पैसे वाचतील ते आंबवण्याच्या वेळचं तापमान सांभाळायला ठेवा. पातेलं महाग घेऊन बीअर चांगली होत नाही. यीस्टला १८ ते २० अंश मिळाले तर ती चांगली होते. जर्सी सिटीच्या उन्हाळ्यात ते आपोआप मिळणार नाहीत. एक मोठं टब, त्यात पाणी, पाण्यात फर्मेंटर, वर ओलं फडकं, आणि रोज बर्फाच्या दोन बाटल्या बदलायच्या. माठ गार राहतो त्याच युक्तीने हे गार राहतं.

उतू जाण्याबद्दल दोन शब्द. दूध उतू जायच्या आधी कडेने साय वर येते, अंदाज येतो. वर्ट तसा अंदाज देत नाही. पहिली उकळी येताना प्रथिनांचा फेस एकदम वर चढतो, आणि हॉप्स टाकल्या क्षणीही. त्या दहा मिनिटांत फोन घ्यायचा नाही. हाताशी गार पाण्याची फवारणीची बाटली ठेवा, फेसावर दोन फवारे मारले की तो बसतो. विजेची शेगडी बंद केली तरी लगेच गार होत नाही, म्हणून पातेलं बाजूला सरकवायला शेजारी रिकामी जागा राखा. काचेवर साखर जळली तर ती खरवडून काढताना काच जाते.

कायद्याचंही सांगते, कारण तुमच्यानंतर पुण्यातले वाचक विचारतील. अमेरिकेत १४ ऑक्टोबर १९७८ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरती बीअर करायला करातून मोकळीक मिळाली. दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनची मर्यादा आहे आणि विकायची नाही. दर पंधरा दिवसांनी अडीच गॅलन केले तरी तुम्ही त्याच्या खूप आत राहता. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि बीअर त्यात येते. तिथल्या वाचकांनी हा लेख वाचून पातेलं घेऊ नये.

पैसे खर्च करण्याआधी येत्या शनिवारी एक प्रयोग करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या भांड्यात मोजून २ गॅलन, म्हणजे ८ क्वार्ट नळाचं पाणी घ्या. झाकण न लावता मोठ्या बर्नरवर पूर्ण आचेवर ठेवा आणि घड्याळ लावा. पंचवीस मिनिटांच्या आत खळखळून उकळी आली तर वर सांगितलेलं २० क्वार्टचं पातेलं निर्धास्त घ्या. साडेतीन गॅलनला पाऊण तासाच्या आसपास लागेल, आणि ६७ अंशांवर माल्ट भिजवून झाल्यावर तर वीस मिनिटांतच. तीस-पस्तीस मिनिटं लागली तर तेच पातेलं घ्या, फक्त घाणा दोन गॅलनचा करा. चाळीसच्या पुढे गेलं तर १२ क्वार्टचं घ्या आणि गॅलन-सव्वा गॅलनपासून सुरुवात करा. किती मिनिटं लागली ते मला कळवा, पुढच्या वेळी हॉप्सचं माप त्याप्रमाणे काढून देते.